अनिलमामाचा शब्द

पेंटरने शेवटच्या 'ई'चं खालचं वळण ओढलं, ब्रश दातांत धरला आणि दोन पावलं मागे सरून मान तिरकी केली.

"झालं तुमचं इंग्लिश," तो म्हणाला.

प्रियदर्शिनी महाडच्या एसटीतून उतरत होती. एक पाय पोलादपूरच्या स्टँडवर टेकला होता आणि दुसरा पायरीवरच राहिला. समोर अनिलमामाची पिवळी मिनीडोअर रिक्षा उभी होती, स्टँडकडे पाठ करून. सकाळपर्यंत त्या पाठीवर नुसता पत्रा होता. आता तिथे वीतभर उंचीच्या निळ्या अक्षरांत एक शब्द होता.

ऑब्स्टिनेट.

"उतरतेस, का परत महाडला येतेस?" मागून कंडक्टर म्हणाला.

ती उतरली. अक्षरं तिच्याच वळणाची होती. 'टी'ची शेपटी वर उचलायची तिची सवयसुद्धा पेंटरने जशीच्या तशी उचलली होती. नोव्हेंबरात तिने मामाला हा शब्द चिठ्ठीवर लिहून दिला होता. ती चिठ्ठी मामाने काचेवरच्या कप्प्यात, लायसनच्या मागे जपून ठेवली होती, आणि आता ती पेंटरच्या डब्याखाली वाऱ्याने फडफडत होती.

"कसा वाटतो?" मामा पुढच्या सीटवरून उतरला. हातातल्या फडक्याने तो उगाच आरसा पुसत होता.

"निळा... निळा छान आहे."

"रंगाचं इचारत नाय गो. शब्द कसा वाटतो?"

"मोठा वाटतो."

"मोठाच पायजे. परवा वीस मार्च, सत्याग्रहाचा दिवस. गाडी महाडला तळ्यावर न्यायची हाय. नागपूरपास्नं, औरंगाबादेपास्नं लोक येतात, वकील येतात, प्रोफेसर येतात. वाचूदे त्यांना पन, आपल्या कापडे गावच्या गाडीवर काय लिवलंय ते."

प्रियदर्शिनीने पुन्हा त्या अक्षरांकडे पाहिलं. वकील येतात. प्रोफेसर येतात. इंग्रजी कळणारी माणसं एका जागी इतकी जमतात असा महाडच्या वर्षातला तो एकच दिवस, आणि त्या सगळ्यांसमोर तिचा मामा छाती काढून उभा राहणार होता, पाठीमागे हा शब्द घेऊन.

कारण ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी. नुसता हट्टी नाही. समोरचा बरोबर बोलतोय हे कळूनही जो जागचा हलत नाही, तो. आणि प्रियदर्शिनीने मामाला सांगितलं होतं, "ऑब्स्टिनेट म्हंजे कधीच मागे न हटणारा. शूर."

*

हे सगळं सुरू झालं होतं तीनशे शब्दांच्या एका यादीपासून.

कॉलेजच्या शर्मिला मॅडमनी तिला ती यादी दिली, आणि यादीबरोबर एक जाडजूड इंग्रजी कादंबरी. पुण्याच्या एका कॉलेजात इंग्रजी साहित्याचा पाच वर्षांचा कोर्स होता, त्याची प्रवेश परीक्षा मेमध्ये. "शब्दही विचारतात आणि उतारेही विचारतात," मॅडम म्हणाल्या होत्या. "पाठ करू नकोस. पाठ केलेला शब्द परीक्षेच्या हॉलबाहेरच थांबतो. त्यांच्याबरोबर राहा."

राहायचं म्हणजे काय, ते प्रियदर्शिनीला आठ दिवस कळलं नाही. कादंबरीच्या एकेका पानावर अकरा-अकरा शब्दांखाली तिच्या पेन्सिलीच्या रेघा पडत होत्या आणि रात्री पाहिलेला शब्द सकाळी अनोळखी होऊन बसत होता. मग एका सकाळी, मामाच्या शेजारी पुढच्या सीटवर बसून कापड्याहून पोलादपूरला येताना, मागे सुकी मासळी विकणारी सुंदराबाई बोलत होती. ती बोलत होती म्हणजे बोलतच होती. सुनेपासून सुरुवात करून सरपंचापर्यंत आली होती. प्रियदर्शिनीला यादीतला एक शब्द आठवला. गॅरुलस. बडबडी. पाच वेळा विसरलेला तो शब्द सुंदराबाईच्या मासळीच्या टोपलीवर येऊन बसला आणि पुन्हा म्हणून उठला नाही.

"सुंदरामावशी," ती मागे वळून म्हणाली, "एक शब्द देऊ तुला? सांभाळशील? रोज सकाळी मी विचारीन."

"मला? कसला गो?"

"इंग्रजी. गॅरुलस."

"म्हंजे काय?"

आता बडबडी कसं सांगणार? प्रियदर्शिनीने एक क्षण खिडकीबाहेर पाहिलं. "म्हंजे गोड बोलणारी."

सुंदराबाईने पदर सारखा केला. पोलादपूर येईपर्यंत ती तो शब्द स्वतःशी घोळवत राहिली.

दुसऱ्या दिवशी उमरठच्या श्रीपत आबांना टॅसिटर्न मिळाला. आबांची भातशेती मोठी, पण तोंडून शब्द निघायचा तो "थांबव" एवढाच, तोही उतरायचं ठिकाण आलं की. टॅसिटर्न म्हणजे अबोल. तिने त्यांना सांगितलं, विचारी. आबा काही बोलले नाहीत, पण तिसऱ्या दिवशी उतरताना "थांबव"च्या आधी, टोपी चाचपत, "टॅसिटर्न" म्हणाले. सगळी गाडी हसली. मग ठकूबाईला कळलं. ती चहाच्या कपातला तळाचा थेंबसुद्धा बोटाने पुसून घेणारी. तिने स्वतःच मागून घेतला. तिला मिळाला पार्सिमोनियस. खरा अर्थ चिक्कू, सांगितलेला अर्थ टापटीप.

"माझा सगळ्यांत लांब हाय," ठकूबाई बचतगटाच्या बैठकीत सांगून आली.

"लांब हाय, पन माझ्यासारखा तोंडात बसत नाय," सुंदराबाई म्हणाली. "गॅरुलस! बघ कसा पेढ्यावानी."

चार महिन्यांत चाळीसेक शब्द असे माणसांकडे राहायला गेले. आणि शर्मिला मॅडम म्हणाल्या तसंच झालं. कादंबरीतला कुणी इंग्रज जमीनदार जेवणाच्या टेबलाशी टॅसिटर्न बसला की त्याच्या डोक्यावर तिला श्रीपत आबांची टोपी दिसे. कुणी म्हातारी गॅरुलस झाली की पानाला सुक्या बोंबलांचा वास येई. पान सरसर वाचून व्हायचं. आपल्याला इंग्रजी येतंय, खरंच येतंय, या आनंदाने ती एकदा एसटीत मोठ्याने हसली होती आणि शेजारच्या बाईने पिशवी जवळ ओढून घेतली होती.

फक्त मामाचा शब्द आनंदाने दिलेला नव्हता.

तिने पुण्याचं नाव काढलं त्या दिवशी मामा जेवत होता. "महाडात कॉलेज हाय," तो म्हणाला. तिने सांगितलं, महाडात हा कोर्स नाही. "महाडात कॉलेज हाय," तो पुन्हा म्हणाला. आईने मध्ये पडून पाहिलं. वडील गेल्यावर चार वर्षांच्या प्रियदर्शिनीला घेऊन मंजुळा भावाकडे आली, तेव्हापासून या घरात मामाचं "नाय" एकदा आलं की आमटी निवेपर्यंत कुणी बोलत नसे. तीन दिवस ती मागे लागली. तीन दिवस मामाने कारण सांगितलं नाही. चौथ्या दिवशी गाडीत त्याने आपणहून विचारलं, "सगळ्यांना शब्द दिलेस. मला?"

तिने रागारागाने वहीचं पान टरकावलं आणि लिहून दिला.

त्याला आता चार महिने झाले होते. राग तर आठवड्यातच गेला. शब्द राहिला. पुण्याचा फॉर्म ऑनलाइन अर्धा भरून पडला होता, शेवटची तारीख बावीस मार्च, आणि मामाचं त्यावरचं म्हणणं एवढंच होतं, "वीस तारीख होऊंदे. मग बोलू."

*

"सांगू नको," आई म्हणाली.

ती तांदूळ निवडत होती. प्रियदर्शिनी तिच्यासमोर उकिडवी बसली होती.

"आई, लोक हसतील त्याला."

"त्याला कळायचं नाय."

"म्हणून तर!"

"हे बघ. बावीसला तुझी तारीख. त्याचं मन आत्ता जरा बरं हाय. दादरला जाऊन रंग आनला त्याने, पोलादपूरचा निळा त्याला फिक्का वाटला. अशात तू जाऊन सांगनार, मामा, मी तुला चार महिने फसवलं. मग बोलंल तो पुण्याचं?" मंजुळाने खडा उचलून अंगणात टाकला. "वीस होऊंदे. बावीस होऊंदे. मग काय तो रंग खरवडून काढ."

हे बरोबर होतं. आईचं बोलणं नेहमीच बरोबर असे आणि ते ऐकून नेहमीच थोडं वाईट वाटे.

प्रियदर्शिनीने ठरवलं, सांगायचं नाही.

हा निश्चय दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊपर्यंत टिकला. ती मॅडमना पुस्तक परत करायला महाडला निघाली होती. मामाची गाडी पोलादपूरच्या स्टँडला लागली. सुंदराबाई टोपली उतरवून घेत होती, आबा "टॅसिटर्न, थांबव" म्हणून आधीच उतरले होते. तेवढ्यात हायवेच्या हॉटेलाशी थांबलेल्या एका मोठ्या गाडीतून तीन-चार मुली खाली आल्या. पुण्या-मुंबईच्या, गॉगल डोक्यावर चढवलेल्या. त्यातल्या एकीने मिनीडोअरची पाठ पाहिली आणि दुसरीच्या दंडाला धरलं. मग त्या सगळ्याच हसू लागल्या. वाईट नव्हत्या हसत. एखादं मांजराचं पिल्लू पाहून हसावं तसं हसत होत्या.

"दादा, फोटो काढू का? गाडीबरोबर?"

"काढा की," मामा म्हणाला.

तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. खाकी शर्टाचं वरचं बटण लावलं. केसांवरून हात फिरवला. शब्द झाकला जाऊ नये म्हणून एका बाजूला सरकला आणि हसला. चांगला तोंडभरून हसला. मुलींनी अंगठे दाखवले, तर त्यानेही दाखवला.

प्रियदर्शिनी महाडच्या एसटीच्या खिडकीत बसून हे पाहत होती. एसटी हलली तेव्हा मामाने तिलाही अंगठा दाखवला. तिने हात वर केला आणि मग तोच हात डोळ्यांवर धरला, ऊन लागावं तसा.

पुस्तक बदलून घेताना शर्मिला मॅडमनी विचारलं, "फॉर्म?"

"बावीसपर्यंत आहे, मॅडम."

"आज एकोणीस आहे."

"हो," ती म्हणाली. "आज मला दुसरं एक काम आहे."

*

दुपारी मामा गाडी धुवायला नदीवर घेऊन गेला. मार्चमधली नदी म्हणजे दगडच जास्त. पण साकवाच्या छोट्या पुलाखाली गुडघाभर पाणी राहतं, तिथे त्याने मिनीडोअर काठाशी लावली होती. पॅन्ट दुमडून तो टायर घासत होता. बादली तिच्याकडे सरकवत म्हणाला, "आलीस ते बरं झालं. वरनं पानी टाक. पन शब्दावर जपून, रंग अजून वला असंल."

तिने बादली भरली. उचलली. परत खाली ठेवली.

"मामा, तुझा शब्द."

"हां."

"त्याचा अर्थ मी खोटा सांगितला होता."

ब्रश टायरवर फिरत होता. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. ऑब्स्टिनेट म्हणजे शूर नाही, ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी. पुण्याला नाही म्हणालास म्हणून रागाने दिला. सकाळच्या त्या मुली त्यालाच हसत होत्या. उद्या तळ्यावर सगळे हसतील. मी पेंटरकडून पिवळा डबा आणते, आत्ता अर्ध्या तासात झाकून टाकू. तू रागाव, मार मला, पण गाडी तशी नेऊ नकोस. बादलीतल्या पाण्यात तिचंच तोंड हलत होतं.

मामाने ब्रश धुतला. पाणी झटकलं.

"चिठ्ठी दिलीस त्याच्या दुसऱ्या दिवशीच कळला मला," तो म्हणाला.

"काय?"

"बँकेचे साहेब बसतात ना कापड्याहून. त्यांना चिठ्ठी दाखवली. बिचारे सांगायलाच तयार होईनात. म्हनाले, तुमच्या घरात भांडन झालंय का?"

प्रियदर्शिनी खडकावर बसली.

"तुला माहीत होतं? चार महिने? आणि तरी तू तो गाडीवर..."

"खोटं काय हाय त्यात?" मामा म्हणाला. "तुझी आय पन तेच म्हनते मला. फकस्त मराठीत म्हनते."

"पण त्या मुली हसल्या!"

"हसल्या. मी पन हसलो. त्यांना कळलं म्हनून त्या हसल्या, मला कळलं म्हनून मी हसलो. तू एकटीच रडत बसलीवतीस खिडकीत. मी बघितलं."

वर साकवावरून एक म्हैस गेली आणि तिच्या मागून कुणीतरी मामाला "जय भीम" घातला. मामाने ओला हात वर केला. मग तो गाडीत वाकला, ड्रायव्हरच्या सीटची गादी उचलली, आणि पान्हे-स्क्रूड्रायव्हर बाजूला सारून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

"हात पूस आधी."

वही होती. तिचीच, दहावीची भूगोलाची. मुखपृष्ठावर तिचं नाव आणि त्याखाली वर्गातल्या श्रुतिकाने काढलेलं फूल. पहिल्या वीस पानांवर नद्या आणि पर्वत होते. त्यापुढे मामाचं अक्षर सुरू होत होतं. नववीपर्यंतच शाळेत गेलेलं, मोठं, रेघेवर न मावणारं अक्षर. पानावर उभ्या तीन रेघा मारल्या होत्या. पहिल्या रकान्यात माणसाचं नाव. दुसऱ्यात शब्द, मराठीत लिहिलेला. तिसऱ्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'हिने सांगितलेला'. आणि चौथ्याच्या डोक्यावर, 'खरा'.

सुंदराबाई. गॅरुलस. गोड बोलणारी. बडबडी.

श्रीपत आबा. टॅसिटर्न. विचारी. न बोलणारा.

ठकूबाई. पार्सिमोनियस. टापटीप. चिक्कट.

पान उलटलं तरी यादी संपत नव्हती. चाळीस माणसं होती. तिने कधीतरी गंमत म्हणून दिलेले आणि स्वतः विसरून गेलेले शब्दही होते. पिठाच्या गिरणीवाल्याचा होता. अंगणवाडीतल्या ताईंचा होता. एका ठिकाणी चौथ्या रकान्यात दोन अर्थ लिहून पहिला खोडला होता आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'डॉक्टरीणबाईंना परत विचारले'.

"हे सगळे तू कुणाकुणाला विचारलेस?"

"गाडीत कोन बसत नाय? एकेकाला एकेक इचारला. एकालाच सगळे इचारले असते तर त्याला वाटलं असतं, ड्रायव्हर कामातनं गेला."

"आणि यांना सांगितलं नाहीस? खरे अर्थ?"

"कशाला?" मामाने डोळे बारीक केले. "तू सुंदराला सांगितलंस गोड बोलनारी. तवापास्नं ती गिऱ्हाइकाला शिव्या द्यायची बंद झाली. बघितलंस ना? परवा एकीने बोंबील परत आनले तर म्हनते, 'असूंदे गो माय.' सुंदरा! आता खरा सांगून परत बिघडवू तिला?"

प्रियदर्शिनीला हसू आलं आणि त्याच वेळी नाक पुसावं लागलं. वहीवर थेंब पडू नये म्हणून तिने ती लांब धरली.

"पण तू लिहून कशासाठी ठेवलंस एवढं?"

मामा खाली वाकून बादली उचलत होता. वाकलेला असतानाच म्हणाला,

"मग? तू गेल्यावर यांना रोज सकाळी इचारनार कोन? चार दिवसांत इसरतील सगळी."

नदीचं पाणी दगडांमधून जात होतं. प्रियदर्शिनीने मान वर केली नाही. 'गेल्यावर' तो असा म्हणाला होता, जसं कुणी 'एसटी गेल्यावर' म्हणेल, 'ऊन गेल्यावर' म्हणेल. आपण काय बोललो ते त्याला कळलं की नाही, हे तिला कळेना. तो बादली घेऊन गाडीच्या पलीकडे गेला. तिला गाडीखालून त्याचे दोन ओले पाय तेवढे दिसत होते.

ओरडावं असं तिला वाटलं. पाण्यात उडी मारावी, साकवावर चढावं, म्हशीला मिठी मारावी. पण गेली चौदा वर्षं ती या माणसाच्या घरात वाढली होती. आत्ता जर ती म्हणाली, 'म्हणजे जाऊ ना मी?' तर तो म्हणणार होता, 'वीस तारीख होऊंदे.' दारातून अर्धी आत आलेल्या गाईला हाक मारायची नसते. नुसतं बाजूला व्हायचं असतं.

तिने वही मांडीवर घेतली आणि आवाज शक्य तितका साधा केला.

"ठकूबाई?"

"पार्सिमोनियस," चाकापलीकडून आवाज आला.

"खरा अर्थ?"

"चिक्कट. तिला बोलू नको हां."

"श्रीपत आबा?"

"टॅसिटर्न. मुका. मुका नव्हं, तोंड हाय पन उघडत नाय तो."

"गिरणीवाले?"

"थांब. येतो. जिभेवर हाय... मेलान्कली. सदान्‌कदा तोंड पाडून बसनारा."

"बरोबर." तिने बोट खाली सरकवलं. "अनिल?"

ब्रश थांबला.

"ऑब्स्टिनेट."

"अर्थ?"

"हिने सांगितलेला का खरा?"

"खरा."

"समोरचा बरोबर बोलतोय हे कळून पन जो जागचा हलत नाय, तो," मामा म्हणाला. आणि मग, जरा वेळाने, "लवकर हलत नाय तो."

तिने वहीत पाहिलं. 'लवकर' तिथे नव्हतं. तिने ते तिथल्या तिथे पेन्सिलीने लिहिलं.

मग तिचं बोट शेवटच्या ओळीवर आलं. शेवटचं नाव तिचं स्वतःचं होतं. प्रियदर्शिनी, पूर्ण, वळणदार, बाकीच्या नावांपेक्षा जपून काढलेलं. पुढचे तिन्ही रकाने कोरे होते.

"मामा, माझ्यापुढे काहीच नाही?"

"नाय."

"एवढे शब्द गोळा केलेस, बँकेचे साहेब झाले, डॉक्टरीणबाई झाल्या, आणि मला एक मिळाला नाही?"

"मिळाले धा-बारा. बसत नाय त्यातला एक पन." त्याने पलीकडून पाण्याचा हबका मारला, टपावरून ओघळलेलं पाणी तिच्या पायाशी आलं. "जागा सोडून ठेवलीय. तुला सापडला की फोन कर तिकडनं."

आणि पलीकडच्या, आधीच घासून लख्ख झालेल्या टायरवर ब्रश पुन्हा फिरू लागला.